तो नाही, ती नाही: जेंडर न्यूट्रल ओळखीबद्दल पुण्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न

माझं घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला आणि ओळख जेंडर न्यूट्रल. पहिल्या दोन गोष्टींवर लोक फक्त ट्रॅफिकचं विचारतात. तिसरीबद्दल मात्र सोसायटीच्या पार्किंगपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही प्रश्न येतो. काही प्रश्न कुतूहलाचे असतात, काही खोचक. पुण्यात दोन्ही एकाच वाक्यात मावतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ही एका माणसाची उत्तरं. दुसऱ्या नॉनबायनरी व्यक्तीला यातल्या निम्म्या गोष्टी पटणार नाहीत, आणि तिथे त्या व्यक्तीचंच ऐका.

जेंडर न्यूट्रल म्हणजे नक्की काय?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. लिंग म्हणजे शरीर, जन्मल्यावर डॉक्टर बघून सांगतात ते. लिंगभाव म्हणजे आपण पुरुष आहोत, बाई आहोत की आणखी काही, याची आतली जाणीव. बहुतेकांचं दोन्ही जुळतं, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांच्या कधी लक्षातही येत नाही. ज्यांचा लिंगभाव 'पुरुष' आणि 'स्त्री' या दोन रकान्यांत नीट बसत नाही, त्या सगळ्यांसाठी मिळून 'नॉनबायनरी' हा शब्द वापरतात.

या एका शब्दाखाली बरीच गर्दी आहे. काहींना दोन्ही लिंगभाव जाणवतात. काहींचा काळानुसार बदलतो, त्यांना जेंडरफ्लुइड म्हणतात. काहींना एका बाजूची ओढ थोडीशीच असते. आणि काही आमच्यासारखे: ना इकडचे, ना तिकडचे, ना दोन्हींचं मिश्रण. आमच्याबाबत लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण 'न्यूट्रल' ऐकलं की डोळ्यांसमोर पन्नास टक्के पुरुष आणि पन्नास टक्के बाई असं काहीतरी येतं. 'चहा की कॉफी' विचारल्यावर मी पाणी मागितलं, तर तुम्ही दोन्ही एका कपात ओतून देत नाही ना? तसंच.

अजेंडर आणि जेंडर न्यूट्रल एकच का?

जवळचे, पण एक नव्हेत. अजेंडर व्यक्ती सहसा म्हणते की मला लिंगभावच नाही. न्यूट्रल व्यक्ती म्हणते की आहे, पण तो तटस्थ आहे. या तटस्थ लिंगभावासाठी इंग्रजीत 'न्यूट्रॉइस' असा एक शब्द १९९५ च्या सुमारास तयार झाला. व्यवहारात ही सीमारेषा पुसट आहे आणि अनेक जण दोन्ही शब्द वापरतात. यावरून आमच्यातही वाद होतात. नळस्टॉपच्या सिग्नलला उभं राहून सोडवावा इतका तो महत्त्वाचा नाही.

म्हणजे तुम्ही गे आहात का?

हा वेगळा प्रश्न झाला. तुम्हाला कोण आवडतं तो लैंगिक कल, तुम्ही कोण आहात तो लिंगभाव. न्यूट्रल व्यक्तीला पुरुष आवडू शकतात, बाया आवडू शकतात, दोन्ही आवडू शकतात किंवा कोणीच नाही. मला कोण आवडतं ते इथे सांगायचं कारण नाही. तुम्हीही पार्किंगमध्ये स्वतःचं सांगत नाही.

मग इंटरसेक्स?

नाही. इंटरसेक्स म्हणजे जन्मतः गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं पुरुष अथवा स्त्रीच्या ठरावीक साच्यात न बसणं. तो शरीराचा विषय. इंटरसेक्स व्यक्तीचा लिंगभाव पुरुष, स्त्री किंवा नॉनबायनरी, काहीही असू शकतो.

तृतीयपंथी म्हणजे तुम्हीच ना?

इथे जरा थांबू, कारण या प्रश्नात दोन बाजूंनी अन्याय होतो.

हिजडा किंवा किन्नर ही केवळ वैयक्तिक ओळख नाही. तो एक समाज आहे: गुरू-चेला नातं, घराणी, स्वतःचे नियम, स्वतःची भाषा. त्यातल्या बहुतेकांची वाट घर सुटण्यातून गेलेली असते. जोगते वेगळे, त्यांचं नातं यल्लम्माशी आणि सौंदत्तीशी. हिंजवडीला लॅपटॉप घेऊन जाणाऱ्या मला उद्या कोणी 'तृतीयपंथी' म्हटलं तर अपमान होत नाही, पण माहिती चुकीची होते. त्या समाजाचं जगणं माझ्या वाट्याला आलेलं नाही.

दुसरा अन्याय आमच्याकडून होतो. शहरी, शिकलेले नॉनबायनरी लोक कधी कधी घाईघाईने सांगतात, 'आम्ही त्यातले नाही हं.' या 'हं'मध्ये जात आणि वर्ग दोन्ही ऐकू येतात. कायद्याच्या मजकुरात आम्हाला जी थोडीफार जागा मिळाली, ती त्या लोकांच्या लढ्याने मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) खटल्यात हिजडा समाजातल्या कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार झाल्या होत्या. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी त्या निकालात तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली आणि स्वतःचा लिंगभाव ठरवण्याचा हक्क मान्य केला. सिग्नलला टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघून काच वर घ्यायची आणि त्यांनी मिळवलेला हक्क वापरायचा, हे बरं दिसत नाही.

हे सगळं अमेरिकेतून आलेलं फॅड आहे. आपल्याकडे कुठे होतं?

शब्द बाहेरून आले, हे खरं. ॲसिडिटी हा शब्दही बाहेरून आला, जळजळ आधीपासून होती.

दरवर्षी आषाढात पालखी पुण्यातून जाते. विठोबा पुरुष, तरी विठाई. ज्ञानेश्वर पुरुष, तरी माउली. आणि वारीत अनोळखी, दाढीवाल्या माणसालाही 'माउली, जरा सरका' म्हणतात, कोणालाच काही वाटत नाही. अर्धनारीनटेश्वर आहे, विराटाघरची बृहन्नडा आहे, जोगत्यांची परंपरा आहे. उलट माणसांना रकान्यांत कोंबण्याचा उत्साह साहेबाचा: १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टच्या दुसऱ्या भागाखाली उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांची नोंदणी करत, आणि नोंदणी झालेल्याने बाईच्या वेषात रस्त्यावर दिसणंसुद्धा गुन्हा होता.

पण खरं सांगायचं तर हे दाखले मला जपूनच वापरावेसे वाटतात. अर्धनारीनटेश्वरात दोघे आहेत. माझ्यात दोघे नाहीत. बृहन्नडेचा वेष अज्ञातवासापुरता होता. पुराणातून वाद जिंकता येतो, पण मग पुराणात नसतं तर मला राहायला परवानगी नव्हती, असा त्याचा अर्थ होतो.

बालगंधर्वही लुगडं नेसायचेच की!

नेसायचे, आणि पुण्या-मुंबईच्या बाया त्यांचं बघून नेसायला शिकायच्या. नारायण श्रीपाद राजहंस रंगमंचावर स्त्री साकारत होते. ती त्यांची कला होती. जंगली महाराज रस्त्यावरच्या ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे, तिथे आजही कोणी नट लुगडं नेसून उभा राहिला तर त्याचा लिंगभाव त्यावरून ठरत नाही. कपडे, आवाज, चालणं ही अभिव्यक्ती. आतली जाणीव ती ओळख. दोन्ही कधी जुळतात, कधी नाही.

मग न्यूट्रल माणूस ओळखायचा कसा?

ओळखायचा नाही. त्याने, तिने, त्यांनी सांगितलं तर कळतं.

आखूड केस, ढगळ शर्ट, नाकात चमकी आणि पायात बूट असं एक चित्र इन्स्टाग्रामने तयार केलं आहे. त्यात बसणारे आहेत, न बसणारेही भरपूर आहेत. दाढी ठेवणारे आहेत, नऊवारी नेसणारे आहेत. सदरा-पायजम्यात आयुष्य काढलेले, पन्नाशीनंतर हा शब्द सापडून हायसं वाटलेलेही आहेत. गणवेश नाही.

पण तुम्हाला कळलं कसं? अडचण नक्की कुठे येते?

एखाद्या दिवशी साक्षात्कार होत नाही. बारीकसारीक गोष्टी साठत जातात. शाळेत मुलांची रांग आणि मुलींची रांग. लग्नात 'पुरुष मंडळी आधी बसून घ्या'. पीएमपीएमएलच्या बसमध्ये चढल्यावर डावीकडे बसलं की एक नजर, उजवीकडे बसलं की दुसरी. यातलं एकेक बघितलं तर काहीच नाही.

केस कापण्याचं उदाहरण घ्या. माझे केस कानापर्यंत. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये 'जेंट्स हेअरकट', त्याच रांगेत पुढे पार्लरमध्ये 'लेडीज हेअरकट', आणि दोन दरांत चांगलाच फरक. केस तेच, कात्री तीच. सलूनमध्ये बसलं की पहिला प्रश्न, 'कल्ले किती ठेवायचे?' पार्लरमध्ये बसलं की, 'आयब्रोज पण करून टाकायच्या का?' दोघांचाही हेतू वाईट नसतो. मला फक्त केस थोडे कमी करून हवे असतात. तिथे आरशात बघताना दोन्ही प्रश्न दुसऱ्याच कोणाला विचारलेत असं वाटतं. 'पुरुष' किंवा 'बाई' म्हणून हाक आली की मला तेच वाटतं: शेजारच्याला बोलावतायत.

काहींना याचा खूप त्रास होतो, इतका की आरसा नकोसा होतो. काहींना नुसता वैताग येतो. त्रास कमी म्हणून ओळख खोटी, असं नसतं.

मराठीत बोलायचं कसं? इंग्रजीत 'दे' चालतं, आपल्याकडे तर क्रियापदालाही लिंग.

हा माझा आवडता प्रश्न. सगळे म्हणतात मराठीत अशक्य आहे. मराठी आपल्याला वाटते त्याहून खूप सैल आहे.

समोरासमोर बोलताना तर अडचणच नाही. 'तुम्ही कधी आलात?' यात बाई-पुरुष कुठे आहे? 'अहो' सगळ्यांना चालतं. आमच्या जिन्यात शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, 'अगं… अरे… अहो, तुमचं कुरिअर आलंय.' तीन शब्दांत त्यांनी प्रश्न सोडवला आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'अहो' आहे. काकांनाही त्या 'अहो'च म्हणतात. त्यावरून त्यांच्या घरात थोडी चेष्टा चालते, ती चालू दे.

स्वतःबद्दल बोलताना 'आलो' की 'आले' ही खरी गोची. पण भविष्यकाळात ती नाही: मी येईन, मी करीन, मी जाईन. भूतकाळात कर्म असलं की क्रियापद बहुधा कर्माच्या मागे जातं: मी चहा घेतला, मी पोळी खाल्ली, मी पुस्तक वाचलं. कोणी घेतला, कोणी खाल्ली, पत्ता लागत नाही. 'म्हणालो' आणि 'म्हणाले' यांना 'मी म्हटलं' हा जुना, चांगला पर्याय आहे. 'दमलो' ऐवजी 'फार दमायला झालं'. 'विसरलो' ऐवजी 'लक्षातच राहिलं नाही', आणि यात दोषही थोडा कमी होतो. घरातून निघताना 'येतो' किंवा 'येते' म्हणायची पद्धत आहे. त्या भानगडीत न पडता सरळ 'चला, निघू या' म्हणून चपला घालायला लागायचं. 'आम्ही आलो' हे बाया आणि पुरुष दोघेही म्हणतात, फक्त एकट्याने म्हटलं तर पेशव्यांच्या वंशातले वाटाल.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना मात्र विचारावं लागतं. 'त्यांना', 'त्यांचं', 'त्यांनी' ही रूपं सगळ्यांना सारखी, तिथे काही प्रश्न नाही. 'ते आले' म्हटलं की मराठी कानाला आदरार्थी पुरुष ऐकू येतो. 'ते आलं' म्हटलं की लेकरू तरी, नाहीतर पार्सल तरी. काही नॉनबायनरी मित्रांना नपुंसकलिंगी रूप अजिबात सहन होत नाही, आपल्याला वस्तू केल्यासारखं वाटतं. मला घरातल्यांकडून ते गोड लागतं, कारण आजी पहिल्यापासूनच म्हणायची, 'आलं का आमचं लेकरू? जेवलं का?' तिने लिंगभावाबद्दल एक अक्षर वाचलेलं नव्हतं. तेच रूप ऑफिसात वापरलं तर मला आवडणार नाही. काही जण तो आणि ती आलटून पालटून वापरायला सांगतात, काही जण एकच रूप ठेवतात. नियम एवढाच की ज्याचं नाव त्याला विचारा, आणि विचारायचा धीर नसेल तर नाव वापरा.

विशेषणांची फार काळजी करू नका. हुशार, शांत, आळशी, कंजूष, खडूस: पुण्यात लागणारी बहुतेक विशेषणं बदलतच नाहीत.

चुकून 'तो' किंवा 'ती' तोंडातून गेलं तर?

दुरुस्त करा आणि पुढचं वाक्य बोला. दहा मिनिटं सॉरी सॉरी केलंत तर शेवटी मलाच तुमचं सांत्वन करावं लागतं. मुद्दाम, दरवेळी, हसत हसत चुकणारे वेगळे; ते कोण हे त्यांनाही ठाऊक असतं आणि आम्हालाही.

आमच्या मुलाने (किंवा मुलीने, आता काय म्हणायचं?) हे घरी सांगितलंय. आम्ही काय करायचं?

मूल म्हणा, लेकरू म्हणा, नाहीतर नावाने हाक मारा. तुमचा कंसातला प्रश्न तिथेच सुटतो.

पहिल्या दिवशी काहीच करू नका. जेवायला वाढा. मुलाने महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं मनात घोळवून हे वाक्य बोललेलं असतं, आणि तुम्ही ते आत्ता ऐकताय. दोघांच्या वेळेत एवढं अंतर आहे हे लक्षात ठेवा. 'आमचं काय चुकलं?' हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. काही चुकलेलं नाही. मुंज केली म्हणून, केली नाही म्हणून, मुलगी म्हणून क्रिकेट खेळू दिलं म्हणून असं होत नाही.

'नीट करून देतो' म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा, मग तो डॉक्टर असो, बाबा असो की ओळखीतला कोणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेली आणि २०२२ पासून लागू झालेली आजारांची नवी यादी लिंगभावातल्या विसंगतीला मानसिक आजारांत धरत नाही. मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये अशा 'उपचारां'विरुद्ध आदेश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मुलाला झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर समुपदेशकाकडे जरूर जा, आणि लगेच जा. पण पहिल्याच फोनवर विचारा: नॉनबायनरी व्यक्तींसोबत काम केलंय का? उत्तर 'हो, आम्ही नॉर्मल करतो' असं आलं तर फोन ठेवा.

नातेवाईकांना कोणी, कधी, किती सांगायचं हे मूल ठरवेल. आत्याला विश्वासात घेतो म्हणून तुम्ही सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत ते सांगलीला पोचलेलं असेल.

ही फेज असेल तर?

असेल तर जाईल. तोवर तुम्ही त्याच्याशी चांगलं वागलात, एवढंच नुकसान.

भाऊबीज कशी करायची?

आमच्याकडे मोठी बहीण मला ओवाळते आणि मी तिला. ओवाळणी दोन्हीकडून असल्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो आणि तिच्या नवऱ्याला दरवर्षी त्याचं हसू येतं.

हळदीकुंकवाचंही विचारतात. बोलावलंत तर येईन, वाणही घेईन. माझा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. ज्या घरांनी विधवांना हळदीकुंकवाला बोलवायला सुरुवात केली, त्या घरांत माझ्यासाठी वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

आहेरात काय द्यायचं? टॉवेल-टोपी की ब्लाउजपीस?

पाकीट.

शरीरात बदल करावे लागतात का?

लागत नाहीत. काहींना करावेसे वाटतात, बऱ्याच जणांना नाही. करायचे असतील तर संप्रेरकांसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागतो, रक्ताच्या तपासण्या लागतात. मित्राकडून समजलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून घेऊ नयेत. छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर वापरणाऱ्यांनी तो दिवसात साधारण आठ तासांच्या वर घालू नये, तो घालून झोपू नये, आणि क्रेप बँडेज तर कधीच गुंडाळू नये. श्वास अडतो, बरगड्या दुखावतात. पुण्याच्या उन्हाळ्यात हे जास्तच सांभाळा.

सरकारी कागदावर काय लिहायचं?

'न्यूट्रल' असा रकाना आपल्याकडे नाही. पुरुष, स्त्री आणि तिसरा: कुठे 'ट्रान्सजेंडर', कुठे 'इतर'. पॅनच्या अर्जात हा तिसरा पर्याय २०१८ मध्ये आला. २०११ च्या जनगणनेत 'इतर'मध्ये देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जण मोजले गेले. यात नॉनबायनरी किती, हे त्या आकड्यातून कळत नाही, कारण तसा प्रश्नच नव्हता.

२०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, इंटरसेक्स व्यक्ती, किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता यांच्याबरोबर 'जेंडरक्वीअर' (पुरुष-स्त्री या साच्याबाहेरचे) हा शब्द होता. आमच्यासारख्यांनी बोट ठेवावं अशी ती जागा होती. ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, आणि २०२० च्या नियमांत पहिल्या ओळखपत्रासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं होतं, वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. या कायद्यावर वाद आणि दुरुस्तीचे प्रयत्न होत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेला मजकूर वाचा किंवा वकिलाला दाखवा. जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

तिसरा रकाना निवडावा का? माझ्या ओळखीत दोन्ही आहेत. निवडला की आधार, पॅन, बँक आणि गुणपत्रिका या सगळ्यांवर एकच हवं, नाहीतर खिडकीवरचा माणूस एकेक कागद परत करतो. नाही निवडला तर रोज थोडं खोटं लिहिल्यासारखं वाटतं. ज्याने त्याने आपली सहनशक्ती बघून ठरवावं. कागद बदलला नाही म्हणून कोणी कमी नॉनबायनरी ठरत नाही.

ऑफिसमध्ये काय बदलायला हवं? आमची एचआर टीम विचारतेय.

विचारताय हेच बरं आहे. जूनमध्ये, प्राइड महिना म्हणून, लोगो इंद्रधनुष्यी करण्याआधी ही कामं करा.

एकट्याने वापरायची, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं अनेक इमारतींत असतात. त्यावर 'सर्वांसाठी' अशी पाटी लावा. दिव्यांगांसाठी असलेल्या एकमेव स्वच्छतागृहाकडे आम्हाला पाठवू नका, ते ज्यांचं आहे त्यांना ताटकळावं लागतं. फॉर्ममध्ये लिंग विचारताय ते कशासाठी, हे आधी स्वतःला विचारा. विम्यासाठी लागत असेल, टी-शर्टच्या मापासाठी लागत नाही. ड्रेसकोड एकच ठेवा: स्वच्छ, इस्त्री केलेला, कामाला योग्य. आणि रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायची गाडी 'फक्त महिलांसाठी' असेल, तर रात्री अकराला हिंजवडी फेज तीनमधून आम्ही कसं जायचं, याचं उत्तर तयार ठेवा. या शेवटच्या मुद्द्यावर मीटिंगमध्ये शांतता पसरते.

भाषणाची सुरुवात 'बंधू-भगिनींनो' ऐवजी 'मंडळी' म्हणून केलीत तर झालं.

बायकांच्या राखीव जागा, फक्त महिलांसाठीची तेजस्विनी बस, यांवर तुमचा डोळा आहे का?

नाही. त्या जागा बायकांनी त्रास सोसून मिळवल्यात. आम्हाला सुरक्षित प्रवास हवाय. तो त्यांच्यातून काढून द्या असं कोणी म्हणत नाही.

लहान मुलांना कसं सांगायचं?

मुलं विचारतात, 'तू दादा आहेस की ताई?' मी म्हणेन, 'दोन्ही नाही. नावाने हाक मार.' मग ती विचारतात, 'सायकल येते का?' विषय संपतो. अडचण बाजूला उभ्या असलेल्या आईबाबांना येते.

लग्न करता येतं का?

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही, पण ट्रान्सजेंडर व्यक्तीला स्त्री-पुरुष विवाहाच्या चौकटीत लग्न करता येतं हे सांगितलं. न्यूट्रल व्यक्तीसाठी त्या चौकटीत वेगळी जागा नाही. कागदावर जे लिंग आहे त्यावरच गाडी अडते किंवा सुटते. वधू-वर सूचक मंडळात नाव घालणाऱ्या मावश्यांना हे समजावण्यापेक्षा 'सध्या विचार नाही' म्हणणं सोपं.

पुण्यात आपल्यासारखी माणसं कुठे भेटतील?

पुणं या बाबतीत नवखं नाही. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या सगळ्या विषयांवर मराठीतून, सोप्या भाषेत लिहिलं. तो काळ बघता हे सोपं नव्हतं. पुण्याची पहिली प्राइड, म्हणजे अभिमान पदयात्रा, २०११ मध्ये निघाली. 'युतक' आणि 'मिस्ट' या गटांची नावंही शोधा. काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट आहेत, ते दरवर्षी बनतात आणि मोडतात.

प्राइडला गेलंच पाहिजे असं नाही. गर्दी सोसत नसेल तर एखाद्या छोट्या गप्पांच्या बैठकीला जा, कोपऱ्यात बसा, नाव न सांगता ऐका. पिवळा, पांढरा, जांभळा, काळा असे पट्टे असलेला झेंडा दिसला तर तो नॉनबायनरींचा, २०१४ चा. १४ जुलैला आंतरराष्ट्रीय नॉनबायनरी दिवस असतो. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे कार्यक्रम बहुधा आतच होतात.

निमंत्रणपत्रिकेवर नाव कसं छापायचं? श्री., सौ., कु., काहीच बसत नाही.

'कु.' खरं तर बसतं, कारण ते कुमारचंही असतं आणि कुमारीचंही. पण चाळिशीत 'कु.' लावून घेणं जरा अवघड. 'चि.' मुलामुलींना सारखंच लागतं, तुम्ही वयाने मोठे असाल तर तेही चालेल. डॉक्टर, प्राध्यापक, ॲडव्होकेट असेल तर प्रश्नच मिटला. यातलं काहीच नसेल तर नुसतं नाव आणि आडनाव छापा. पत्रिकेतली तेवढीच शाई वाचते. उत्तर पाठवताना मी 'आपला' किंवा 'आपली' न लिहिता 'कळावे, लोभ असावा' लिहून खाली सही ठोकायची पद्धत ठेवली आहे, आणि आजवर कोणाचंही पत्र त्यावरून परत आलेलं नाही.